धायटीवरचं वजन

कॉलेजच्या ओळखपत्रावर माझा फोटो आहे, त्याखाली जन्मतारीख आणि त्याखाली 'बी.एस्सी. भाग दोन'. एसटीच्या पासखिडकीवरच्या माणसाने ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "मुलीचा पास काढायचा का ताई?" मी म्हटलं, "फोटो कोणाचा आहे ते बघा." त्याने बघितलं आणि शिक्का मारला. त्रेचाळिसाव्या वर्षी विद्यापीठाची विद्यार्थिनी असणं हा गुन्हा नाही, पण प्रत्येक खिडकीवर जरा जास्त वेळ लागतो.

बारावी सायन्स झाल्यावर माझं लग्न झालं. जबरदस्तीने झालं असं नाही, स्थळ चांगलं होतं आणि मीच हो म्हटलं होतं. मग घर, मुलगी, नवऱ्याच्या कृषी केंद्राचा जमाखर्च. मुलगी पुण्याला शिकायला गेली आणि वडनेरच्या घरात आम्ही तिघंच उरलो, मी, नवरा आणि सासूबाई. त्या वर्षी मी नांदुऱ्याच्या कॉलेजात नाव घातलं. विषय वनस्पतिशास्त्र. बारावीत तोच आवडायचा, दुसरं काही कारण नाही.

सासूबाईंनी विरोध केला नाही. काही विचारलंही नाही. शेजारणीने "सून दिसून नाही राह्यली वं?" म्हटलं की त्या सांगायच्या, "गेली नांदुऱ्याले." जशी मी बाजाराला गेले असावे. दोन वर्षांत 'कॉलेज' हा शब्द त्यांच्या तोंडून मी एकदाही ऐकला नव्हता. मला मोजायची सवय आहे, म्हणून हेही मोजलं जायचं.

बाकी मी सुखात होते. इतकी, की कधी कधी घरी येताना चेहरा नीट करावा लागायचा. मार्चच्या मध्यावर कॉलेजच्या आवारातला कडुनिंब फुलतो आणि सकाळच्या वाऱ्याला मधासारखा वास येतो. तास आणि प्रात्यक्षिक यांच्या मधल्या वेळात आम्ही त्याखालच्या कट्ट्यावर बसायचो. मला चहा मागणारं तिथे कोणी नसायचं. कागदाच्या पुडीत चिंच आणि तिखट-मीठ असायचं, आणि पुडी माझ्यापर्यंत यायच्या आत रिकामी झाली तर मी भांडायचे. वीस वर्षांत मी चिंचेसाठी भांडले नव्हते. घरात चिंच असली की ती आमटीतच जाते.

माझ्या बाकावर बसणारी मुलगी एकोणीस वर्षांची. तिच्या अब्बांचं नांदुऱ्यात शिलाईचं दुकान आहे. पहिल्या दिवशी मी वर्गात शिरले तेव्हा मॅडम आल्या समजून सगळा वर्ग उभा राहिला होता. ही एकटी बसून होती. नंतर मला म्हणाली, "तुमच्या हातात डबा होता ना काकू. मॅडम लोक डबा स्टाफरूममध्ये ठेवतात." तेव्हापासून आमचं जमलं. एकदा शेवटचा तास बुडवून आम्ही बर्फाचे गोळे खाल्ले. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "जीभ काऊन लाल हाय?" मी म्हटलं, "प्रात्यक्षिक होतं." तो हसला. त्याला सगळं कळतं, तो फक्त विचारून मोकळा होतो.

भाग दोनला आम्हाला वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह सादर करायचा होता. वीस वनस्पती, फांदी, पान आणि फुलासकट, जाड कागदावर शिवून किंवा चिकटवून, खाली नावाची चिठ्ठी. त्यातली निदान एक डोंगरातली हवी. संग्रहाला गुण फक्त दहा, पण तो दिल्याशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसू देत नाहीत, आणि प्रात्यक्षिक नाही तर वर्ष नाही. सरांनी हे तीनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा माझ्याकडे बघून सांगितलं, कारण मुलं मागच्या बाकावर गप्पा मारत होती आणि ऐकणारी मी एकटीच होते.

मार्चमध्ये कॉलेजची सहल जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी गेली. पळस पेटलेला होता, काटेसावरीखाली लाल फुलांचा चिखल झाला होता. नाल्याच्या काठाला धायटीची झुडपं फुललेली होती. लहान लहान लाल नळ्यांसारखी फुलं, फांदीला दोन्ही बाजूंनी लगडलेली. मी धायटी घेतली. बाकीच्या वनस्पती गावाच्या आसपासच्याच होत्या: रुई, एकदांडी, पिवळा धोत्रा, करंज, कन्हेर. वीस पूर्ण झाल्या.

वाळवायची पद्धत अशी. प्रत्येक फांदी वर्तमानपत्राच्या घडीत पसरायची, सगळ्या घड्या एकावर एक रचायच्या, वर खाली पुठ्ठा आणि त्यावर वजन. सावलीत ठेवायचं. कागद ओला झाला की बदलायचा. उन्हात अजिबात नाही. उन्हात रंग जातो, पान मुडपतं आणि हात लावला की चुरा होतो. मी सगळा गठ्ठा मधल्या खोलीत, पाट्याखाली ठेवला. आमच्याकडे वरवंटा कधीचा फुटला, पण पाटा शाबूत आहे, आणि एवढं सपाट वजन घरात दुसरं नाही.

आता मार्च म्हणजे आमच्याकडे कुरडयांचा महिना. गहू भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, शिजवायचा आणि सोऱ्याने गच्चीवर धोतरावर कुरडया पाडायच्या. सासूबाईंचं यात राज्य असतं. त्यांचे गुडघे दुखतात, पण कुरडयांच्या आठवड्यात जिना त्यांना दिसत नाही. मी सकाळी त्यांना चीक घोटून द्यायचे, मग कॉलेजला जायचे. परत आल्यावर पुस्तक घेऊन गच्चीवर राखणीला बसायचे. अर्धवट सुकलेली कुरडई खात खात मी वनस्पतींची कुळं पाठ केली आहेत. मागच्या वर्षीच्या परीक्षेत कुळांच्या प्रश्नाला मला चांगले गुण पडले होते, ते या खुराकामुळेच, असं मला वाटतं.

त्या दिवशी कॉलेजातून आले तर पाटा भिंतीला उभा टेकवलेला. खाली गठ्ठा नव्हता.

सासूबाई ओसरीवर बसून होत्या, चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान. मी काही विचारायच्या आत त्या म्हणाल्या, "तुह्या त्या पाल्याचे कागद ओले चिंब झाले होते. वास मारून राह्यले होते. तुले येळ भेटत नाही, म्हनून म्याच वर नेऊन उन्हात टाकले. एका उन्हात कडक झाले पाह्य."

"आणि आता कुठं आहेत?"

"डब्यात भरले. निवडून ठेवले हो, देठं-गिठं काढून. आता वर्षभर काही होत नाही त्याले."

स्वयंपाकघरात मेथीच्या डब्याशेजारी स्टीलचा डबा होता. झाकण काढलं. आत पाव डबा तपकिरी चुरा, त्यात मधूनमधून एखादं पान ओळखू येण्यासारखं. वीस वनस्पती. देठ नाही, फांदी नाही. मेथी वाळवतात तशी वाळवलेली, आणि मेथी निवडतात तशी निवडलेली.

मी डबा हातात घेऊन उभी राहिले. आठवडाभराने संग्रह द्यायचा होता. डोक्यात हिशेब सुरू झाला: एकोणीस वनस्पती गावातून पुन्हा मिळतील, कागद रोज दोनदा बदलले तर वाळतील. धायटी मिळणार नाही. गावात धायटी नाही.

पण त्याच वेळी दुसरंही कळत होतं. दोन वर्षांत त्यांनी माझ्या शिक्षणाला पहिल्यांदा हात लावला होता. दुखऱ्या गुडघ्याने गठ्ठा गच्चीवर नेला, पान उडू नये म्हणून प्रत्येकावर खडा ठेवला (खडे मला नंतर गच्चीत धोतरावर पडलेले दिसले), आणि मग बसून निवडला. यापेक्षा जास्त काळजी त्या स्वतःच्या मेथीचीही घेत नाहीत.

"बरं झालं आई," मी म्हटलं. "माझं काम वाचलं."

"हाव ना," त्या म्हणाल्या. "सांगाचं तं खरं. एवढं काय लाजा लागते मले सांगाले?"

डबा मात्र मी लगेच स्वयंपाकघरातून हलवला आणि कपाटात कुलपाखाली ठेवला. त्यात रुई होती, कन्हेर होती, पिवळा धोत्रा होता, तिन्ही विषारी. नवऱ्याला मी सगळं सांगितलं. त्याने झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाला, "म्हंजे उद्या याची भाजी झाली असती तं तुही परीक्षा आन् माहं दुकान, दोन्ही एकदमच बंद." मग गंभीर होऊन म्हणाला, "आईले सांगू नको." मी म्हटलं, "ते मला सांगायची गरज नाही."

दुसऱ्या दिवसापासून मी येता-जाता पिशवीत फांद्या जमवायला लागले. बाकावरच्या मुलीला सगळी हकीकत सांगितली. ती आधी पोट धरून हसली, मग तिने माझा चेहरा बघितला, आणि रविवारी दोरा, सुई आणि जुन्या पेपरांची रद्दी घेऊन घरी आली. मी तिला सगळं तपशिलाने सांगितलं होतं. फक्त सासूबाईंना काही माहीत नाही, एवढं सांगायचं राहिलं होतं.

आम्ही मधल्या खोलीत फांद्या पसरत बसलो. सासूबाई तिच्यासाठी वाटीत गरम चीक घेऊन आल्या, वर साखर आणि तूप. "खा वं पोरी, गरम हाय तं." मग त्यांचं लक्ष कागदांकडे गेलं. "हे काय वं? आनखी तोडून आनलं? डब्यातलं एवढ्या लवकर संपलं?"

मुलगी तोंडात चीक घेऊन म्हणाली, "संपलं नाही आजी, ते चालत नाही ना! देठ नाही, फूल नाही, सर परत फेकतील. हे एकोणीस तरी होऊन जातील, पण काकूंची ती डोंगरातली धायटी गेली ना. ती नाही तर परीक्षेलाच बसू देणार नाहीत."

मी तिच्या पायाला पाय लावला, पण उशीर झाला होता. मुलीने माझ्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि वाटीत बघायला लागली.

सासूबाई खाली बसल्या. गुडघ्यावर हात ठेवून हळूच बसल्या. एक फांदी उचलून पाहिली, देठ बोटांत फिरवला.

"देठं बी लागते?"

"लागतात आई."

"मंग बरं झालं काऊन म्हनलं तू?"

मी पेपरची घडी सरळ करायला लागले. त्यांनी फांदी होती तशी कागदावर ठेवली आणि मुलीला म्हणाल्या, "चीक थंडा होऊन राह्यला, खा." तिला निघताना कुरडयांची पिशवी भरून दिली. माझ्याशी त्या संध्याकाळी जेमतेम बोलल्या. नवऱ्याने डोळ्यांनी विचारलं, मी डोळ्यांनी सांगितलं. जेवण झाल्यावर त्या लवकर झोपल्या.

सोमवारी सकाळी मी चहा ठेवायला उठले तर त्या अंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवी मांडीवर घेऊन ओसरीवर बसलेल्या.

"चाल."

"कुठं आई?"

"माह्या माहेरी. डोंगरातलं पाहिजे ना तुले? माहं माहेर काय समुद्रात हाय का?"

त्यांचं माहेर जळगाव जामोदच्या पलीकडे, डोंगराच्या अगदी पायथ्याला. भाऊ गेल्यावर भाचा शेती बघतो. गुडघ्यांमुळे दोन उन्हाळे त्या तिकडे गेल्या नव्हत्या. एसटीच्या पायऱ्या त्यांना झेपत नाहीत. मी म्हटलं, "मी एकटी जाऊन येते."

"तुले कोन ओळखते तिथं? कोनाच्या बी वावरात घुसशीन, कोनाची बी झाडं तोडशीन, आन् लोक म्हनतीन वडनेरची येडी आली."

निघालो. मी पेपर आणि दोन पुठ्ठे घेतले. नांदुऱ्याला बस बदलताना मी त्यांना कमरेला धरून वर चढवलं. त्या खिडकीशी बसल्या. आसलगाव आलं. मग खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, "काय शिकवते वं तिथं, कॉलेजात?"

मी सांगायला लागले. मुळं, खोड, पान, झाडांची कुळं, एका कुळातली झाडं कशी ओळखायची. त्या मधून मधून "हं" म्हणत होत्या. मध्येच म्हणाल्या, "आन् पोरं-पोरी सोबतच बसते का?" मी म्हटलं, "हो." "तुह्या बाजूले कोन बसते?" "तीच, काल आलेली." "चांगली हाय पोरगी," त्या म्हणाल्या. "तोंड सैल हाय, पन चांगली हाय."

नवऱ्याने फोन करून ठेवला होता, म्हणून भाचा स्टँडवर मोटारसायकल घेऊन आला होता. त्याने आत्याला पाहिलं आणि हसायला लागला. "आत्या! मले वाटलं आता तू डायरेक्ट तेराव्यालेच येशीन. माह्या." चहा झाला, पोहे झाले, आणि आम्ही त्याच्या वावराच्या मागच्या नाल्याकडे गेलो. सासूबाई बांधावर बाभळीच्या सावलीत बसल्या. मी आणि भाचा नाल्यात उतरलो.

धायटीचा बहर ओसरला होता. सहलीत जिथे लाल दिसलं होतं तसल्या झुडपांवर आता फक्त तपकिरी बोंडं. एक झुडूप, दुसरं, तिसरं, सगळी तशीच. ऊन चढलं. भाचा म्हणाला, "वहिनी, सुकलेलं चालत नाही का?" मी म्हटलं, "फूल पाहिजे." नाला जिथे वळतो आणि दरडीची सावली पडते तिथे एक झुडूप उशिरा फुललं होतं. त्याच्या खालच्या फांदीवर फुलं होती, पुष्कळ नाहीत, पण पुरेशी. मी फांदी कापली आणि दोन्ही हातांनी धरून वर आणली, दिव्याची वात नेतात तशी.

सासूबाईंनी ती पाहिली. "हे व्हय ते? एवढुसं? ह्याच्यापायी परीक्षा अडली होती?" मग जरा थांबून, "देठ पाह्य बरं. हाय ना?"

"आहे आई."

तिथेच बांधावर पेपर पसरला, पानं-फुलं नीट मांडली, वर पुठ्ठा. आता वजन पाहिजे होतं. भाचा दगड शोधायला लागला. सासूबाई म्हणाल्या, "बसमधी दगड घेऊन चढशीन का बे?" आणि पुठ्ठा ओढून घेऊन त्यावर बसल्या.

भाचा म्हणाला, "आत्या, अंडे उबवून राह्यली का?"

"हाव. पिल्लू निंगालं की तुले धाडतीन."

परतीच्या बसमध्येही त्या पुठ्ठ्यावरच बसल्या. जळगाव जामोदला गर्दी झाली, कंडक्टर म्हणाला, "आजी, जरा तिकडं सरका, तिसरं माणूस बसू द्या." त्या म्हणाल्या, "सरकत नाही. खाली परीक्षेचं हाय." कंडक्टरने सीटखाली वाकून पाहिलं. मी म्हटलं, "सीटखाली नाही हो, त्यांच्याखाली." मागच्या सीटवरचे लोक हसले. सासूबाई नाही हसल्या. नांदुऱ्याला बस बदलताना त्यांनी गठ्ठा छातीशी धरला, माझ्या हातात दिला नाही, आणि दुसऱ्या बसमध्ये बसल्यावर पुन्हा खाली घेतला. पाय अवघडले होते, मला दिसत होतं. दोनदा म्हटलं, "आई, आता राहू द्या." दोन्ही वेळा त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

घरी आल्यावर शेजारणीने ओट्यावरून विचारलं, "कुठं गेल्या होत्या वं सासू-सुना दोघी?"

"कॉलेजच्या कामाले," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

पुढचे दिवस गठ्ठा पाट्याखाली होता. कागद मी बदलायचे आणि पाटा परत नीट बसला की नाही ते त्या बघून जायच्या. बाकावरच्या मुलीने सगळ्या वीस वनस्पती पांढऱ्या दोऱ्याने कागदावर शिवून दिल्या, टाके दिसणार नाहीत असे. मुदतीच्या दिवशी मी संग्रह सरांच्या टेबलावर ठेवला. सर पटापट पानं उलटत होते, धायटीपाशी थांबले. कागद उजेडात धरला.

"ही चांगली दाबली गेली आहे. रंगही टिकलाय. किती वजन ठेवलं होतं?"

"पंचेचाळीस किलो, सर."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "एवढं कशाला?"

"तेवढंच होतं," मी म्हटलं. सरांनी सही केली. मी परीक्षेला बसले.

सही झाली त्या संध्याकाळी हे सगळं घरी सांगितलं. नवरा हसून हसून खोकला. सासूबाई चीक घोटत होत्या, त्यांनी पळी थांबवली.

"पंचेचाळीस कोनं सांगितले तुले?"

"मागच्या महिन्यात दवाखान्यात वजन केलं ना आई. मीच काट्यावर चढवलं होतं तुम्हाला."

"मंग माह्या हातात तवा पिशवी होती. दोन किलो कांद्यांची. ते वजा करा लागते." त्या पुन्हा घोटायला लागल्या. "परीक्षेच्या कामात खोटं नाही सांगाव माय."

म्हणजे त्रेचाळीस. सरांना मी अजून सांगितलेलं नाही.